पटावर नऊ मुलं, तिसरीत दोन. या शाळेचे टक्के कशाचे?

खाडीपलीकडची
५ जुलै, रात्री १०.१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, धागा आज पहिल्यांदाच काढतेय. लांबेल, सांभाळून घ्या.

आमची वाडी राजापूर तालुक्यात, खाडीच्या अंगाला. जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते पाचवी, पट नऊ. मंजूर शिक्षक दोन, हजर एक. दुसरी जागा रिकामी राहून हे तिसरं वर्ष. माझी मुलगी गेल्या वर्षी तिसरीत होती. तिच्यासोबत एक मुलगा, तो दिवाळीनंतर मुंबईहून आला, तिकडे इंग्रजी माध्यमात होता. म्हणजे तिसरीत सगळे मिळून दोघं.

मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. जूनच्या सभेत गुरुजींनी आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या शाळांचा तक्ता वाचून दाखवला, एप्रिलच्या संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या चाचणीत कुणाला किती टक्के. आमची तिसरी तळाला. आदल्या वर्षी हीच शाळा वरच्या तिघांत होती. गुरुजी तेच, खोली तीच, गळकं कौलसुद्धा तेच. बदललं एवढंच, की आदल्या वर्षी तिसरीत तीन तरतरीत पोरी होत्या आणि यंदा दोघांतलं एक मूल नव्या माध्यमात चाचपडत होतं. तक्ता वाचताना गुरुजींची मान खाली होती. या माणसाने पाच इयत्ता एकट्याने ओढल्यात. मला ते बघवलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आधीच सांगते, मी चाचणीच्या विरोधात नाही. मूल शिकतंय की नाही हे कळलंच पाहिजे. २०१५च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आलं तेव्हापासून पायाभूत चाचणी, संकलित एक, संकलित दोन हे शब्द आपल्या कानावर आहेत. २०२३-२४पासून जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या स्टार्स प्रकल्पात नियतकालिक मूल्यांकन चाचणी आली. प्रश्नपत्रिका सगळ्या राज्याला एकच, भाषा, गणित आणि इंग्रजीची. एका फूटपट्टीने सगळं राज्य मोजावं यामागचा हेतू मला पटतो. गडचिरोलीच्या मुलीला आणि दादरच्या मुलीला सारखंच वाचता यायला हवं.

पण दोन मुलांची सरासरी म्हणजे शाळेची सरासरी नव्हे. एकाला ताप आला की शाळा बुडाली, एक हुशार निघालं की शाळा तरली. अशा आकड्यावर शिक्षकाला जबाबदार धरायचं?

दुसरं जास्त टोचतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २६ सांगतं की शाळेतल्या शिक्षकांच्या रिकाम्या जागा मंजूर पदांच्या दहा टक्क्यांवर जाता कामा नयेत, आणि ही काळजी नेमणूक करणाऱ्याने घ्यायची आहे. आमच्या शाळेत दोनातली एक जागा रिकामी, म्हणजे पन्नास टक्के. मुलांच्या टक्क्यांचा तक्ता गावात वाचला जातो, मग हा पन्नास टक्क्यांचा आकडा कोण कुणापुढे वाचतं?

तुमच्या गावच्या शाळेत काय चित्र आहे? शिक्षक, पालक, अधिकारी, सगळ्यांनी लिहा.

वाशिष्ठीकाठ
५ जुलै, रात्री ११.३५

ताई, तुमची तळमळ कळते, पण मी थोडा उलट्या बाजूने लिहितो.

२०१० साली शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणं बंद झालं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे एका परीक्षेऐवजी वर्षभर मुलाची पारख, कागदावर फार सुंदर होतं. माझा पुतण्या त्या काळात शिकला. आठवीत असताना त्याला वर्तमानपत्राचा मथळा धड वाचता येत नव्हता आणि प्रगतिपुस्तकावर दरवर्षी ‘ब १’. घरात कुणाला पत्ताच नाही. वहिनी म्हणायची, शाळा चांगलं म्हणतेय ना. त्या मुलाची आठ वर्षं गेली, ती कुणी भरून देणार आहे का?

२०१९ला कायदा बदलला आणि आपल्या राज्याने पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली, तेव्हा मला बरं वाटलं. नापास झालं तर पुन्हा परीक्षेची संधी आहे, म्हणजे क्रूर काही नाही.

आपल्या कोकणाची आणखी एक गंमत नव्हे, दुखणं आहे. २०१२ साली रत्नागिरीला वेगळं कोकण विभागीय मंडळ झालं, तेव्हापासून दहावीच्या निकालात आपण दरवर्षी राज्यात पहिले. २०२५ला राज्याचा निकाल ९४.१० टक्के, कोकणाचा ९८.८२. पेपरात फोटो येतात, पेढे वाटले जातात. आणि या अभिमानापोटी तिसरीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी येते का, हे कुणी बघत नाही. दहावीचा निकाल हा शेवटच्या पायरीचा निकाल आहे. मधल्या पायऱ्या कोण तपासणार? राज्याची चाचणी नसेल तर आपण अंधारात. खाजगी इंग्रजी शाळा टाय-बूट दाखवून मुलं नेते, आणि आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेकडे ‘आम्ही चांगलं शिकवतो’ म्हणायला पुरावाच उरत नाही.

रिकाम्या जागेबद्दल पूर्ण सहमत.

फळा_खडू
६ जुलै, सकाळी ६.२०

मी शिक्षिका आहे, सतरा वर्षं झाली. तालुका लिहीत नाही. चाचणीचा दिवस आतून कसा दिसतो तेवढं सांगते.

माझ्याकडे पहिली ते चौथी, एकूण चौदा मुलं, मी एकटी. चाचणी तिसरीपासून. म्हणजे तिसरी-चौथीची चाचणी घेताना पहिली-दुसरी त्याच खोलीत असतात आणि त्यांना कुणीतरी गप्प बसवायचं असतं. लेखी झाल्यावर तोंडी, ती एकेकाची. एका वर्षी प्रश्नपत्रिका कमी आल्या. झेरॉक्सचं दुकान अकरा किलोमीटरवर, एसटी दिवसातून दोनदा. मी आदल्या संध्याकाळी फळ्यावर प्रश्न लिहून ठेवले, चित्रांच्या प्रश्नांसह. चित्रं माझ्या हाताची, त्यामुळे बैल आणि म्हैस यांत मुलांचा गोंधळ झाला, तो दोष त्यांचा नव्हता.

मग गुण भरायचे. विद्या समीक्षा केंद्राच्या, म्हणजे शाळांची माहिती गोळा करणाऱ्या राज्याच्या यंत्रणेच्या चॅटबॉटवर प्रत्येक मुलाचे, प्रत्येक विषयाचे. शाळेत रेंज नाही. वर सड्यावर वडाजवळ दोन काड्या येतात. पावसात फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी तिथे उभी राहून गुण भरलेत. भरले की केंद्रातून निरोप येतो, ‘आपल्या शाळेची माहिती १०० टक्के पूर्ण’. पूर्ण काय झालं, तर भरणं. शिकणं कुठे अडलंय याबद्दल त्यानंतर मला आजवर कुणी एक प्रश्न विचारलेला नाही.

आता एक गोष्ट, जी मी कधी कुठे बोलले नाही. २०१६-१७च्या सुमाराला शाळा ‘प्रगत’ झाली का, हा एकच प्रश्न सगळीकडे होता. प्रत्येक मूल किमान पातळीला आलं तर शाळा प्रगत. माझ्याकडे एक मूल होतं, ऐकायला कमी यायचं. पेपर तपासताना मी त्याच्या दोन उत्तरांत अंक नीट केले. कुणी सांगितलं नव्हतं. शाळा प्रगतच्या यादीत आली. आणि यादीत आल्यामुळे त्या मुलाची अडचण कागदावरून पुसली गेली. पुढच्या वर्षी त्याच्यासाठी विशेष शिक्षक मागायला गेले, तर उत्तर मिळालं, तुमची शाळा तर प्रगत आहे. ते मूल आता अठरा-एकोणीस वर्षांचं असेल. मला अजून त्याचा चेहरा आठवतो.

वाशिष्ठीकाठ दादा, तुमच्या पुतण्याचं वाचून वाईट वाटलं. पण पेपर शिक्षकाने घ्यायचा, त्यानेच तपासायचा आणि त्यावरच त्याचं मोल ठरवायचं, असं झालं की तुमच्या पुतण्याचा ‘ब १’ पुन्हा जन्माला येतो. फक्त आता तो पोर्टलवर असतो.

देवगडचो झील
६ जुलै, सकाळी ९.०५

बाईंनू, तुमी ल्हिल्यात ता वाचून डोळे भरले.

माका एकच सांगूचा आसा. आमच्या घराकडे पोरा मालवणीच बोलतत. माझो झील पयलेत होतो तेव्हा त्येका चित्र दाखवल्यानी, ह्या काय? तो म्हणालो ‘बाव’. कागदावर उत्तर ‘विहीर’. आमच्या बाई हयच्योच, त्येंनी बरोबर धरल्यानी. भायरचो कोण तपासूक इलो आसतो तर ती चूकच झाली आसती. झिलाक विहीर म्हायत नाय असा नाय, रोज तेच्या काठार खेळता.

तिसरेच्या एका सराव पेपरात हुरड्याचो उतारो होतो. हुरडो कसो भाजतत, खंय बसून खातत, त्येच्यावर पाच प्रश्न. आमच्याकडे जोंधळो कोण लावता? पोरग्यान इचारल्यान, बाबा हुरडो म्हणजे काय? माका पण नीट सांगूक येना. घाटावरच्या पोराक ता सोपा, आमच्या पोराक कठीण. उद्या तेंका किनाऱ्यावरची रापण नायतर भाताचो तरवो दिलो तर तीच गत. सगळ्यांक एकच पेपर म्हणजे सगळ्यांक सारखो पेपर, असा होणा नाय.

ऑस्टिनकर
६ जुलै, दुपारी १२.४८

मूळचा मालवणचा, आता टेक्ससमध्ये. मुलगी इथल्या सरकारी शाळेत चौथीत आहे. राज्यस्तरीय चाचणी आणि शाळेला जबाबदार धरणं, हे इथे वीसेक वर्षं टोकाला नेऊन बघितलं गेलंय, त्यामुळे लिहितो.

२००२च्या जानेवारीत ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यावर सही झाली. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन-गणिताची राज्याची चाचणी, आणि २०१४पर्यंत देशातली शंभर टक्के मुलं अपेक्षित पातळीवर आली पाहिजेत, असं उद्दिष्ट. शाळा वर्षाचं लक्ष्य लागोपाठ चुकली तर कारवाई चढत जायची, शेवटी शाळेची पुनर्रचना. एक गोष्ट त्या कायद्याने खरंच चांगली केली. गरीब, कृष्णवर्णीय, अपंग, इंग्रजी न बोलणाऱ्या घरातली मुलं, यांचे आकडे वेगळे दाखवायला लावले. त्याआधी ही मुलं शाळेच्या सरासरीत लपून जायची. वाशिष्ठीकाठ म्हणतात तो अंधार तिथे खरंच हटला.

पण फळा_खडू ताईंनी जे सांगितलं, ते इथे शेकड्याने झालं. अटलांटात २०११च्या सरकारी चौकशीत ४४ शाळा आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापक सापडले. मुलांची चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली होती. २०१५मध्ये अकरा जण न्यायालयात दोषी ठरले. शिवाय काही शाळांत वेगळाच प्रकार. उत्तीर्ण होण्याच्या रेषेच्या जरा खाली असलेली, काठावरची मुलं शोधून त्यांच्यावरच मेहनत. जी फार मागे आहेत त्यांच्यावर वेळ घालवून टक्का वाढत नाही, म्हणून ती सोडून द्यायची. २०१५च्या डिसेंबरात तो कायदा बदलला. चाचण्या राहिल्या, पण शाळेवर काय कारवाई करायची ते बरंचसं राज्यांवर सोपवलं.

टेक्ससमध्ये शाळांना ‘अ’ ते ‘फ’ अशा श्रेणी मिळतात. २०२३च्या जूनमध्ये ह्यूस्टनच्या शाळांचा सगळा कारभार राज्याने ताब्यात घेतला, निवडून आलेलं मंडळ बाजूला केलं. त्यामागे एका हायस्कुलाच्या लागोपाठच्या नापास श्रेण्या हे मुख्य कारण होतं. एका शाळेसाठी साऱ्या शहराचं मंडळ. आता वर्षअखेरची मोठी चाचणी काढून २०२७-२८पासून वर्षात तीन छोट्या चाचण्या घ्यायचा कायदा इथे झालाय.

खाडीपलीकडची ताई, तुमचा दोन मुलांचा मुद्दा इथल्या अभ्यासकांनी फार आधी मांडलाय. लहान शाळा यादीच्या डोक्यावरही सापडतात आणि तळालाही, आणि दरवर्षी खालीवर होतात. शिकवणं बदलतं म्हणून नव्हे, मुलं थोडी असतात म्हणून. त्यामुळे एखाद्या गटात ठरावीक संख्येपेक्षा कमी मुलं असली तर राज्यं त्या गटाची टक्केवारी शाळेच्या हिशेबात धरत नाहीत. तुमच्या तक्त्यात ‘मुलं २’ हा रकाना तरी होता का?

खाडीपलीकडची
६ जुलै, संध्याकाळी ७.३०

ऑस्टिनकर दादा, नव्हता. शाळेचं नाव, इयत्ता, टक्के, क्रमांक. बस.

फळा_खडू ताई, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. त्या मुलाचं वाचून मी बराच वेळ पुढे काही वाचू शकले नाही.

सुधागडवासी
६ जुलै, रात्री ९.५५

रायगडच्या बाजूने लिहितो. मी शिक्षक नाही, आमच्या भागातल्या कातकरी वाड्यांवर मुलांसोबत काम करतो.

दिवाळी झाली की वाड्या रिकाम्या व्हायला लागतात. वीटभट्टी, कोळसाभट्टी. कुटुंबच जातं, पोरं मागे ठेवायची कुणाकडे? परत येतात ती पावसाच्या तोंडावर. चाचणी एप्रिलमध्ये. २०२५ला तर राज्यभर एकच वेळापत्रक लावून परीक्षा २५ एप्रिलपर्यंत नेल्या होत्या. त्या वेळी माझी पोरं भट्टीवर विटा उलटत असतात.

मग गुणांच्या रकान्यात ‘गैरहजर’. आणि सरासरी काढताना फक्त हजर मुलं धरली, की शाळेचा टक्का वाढतो! सगळ्यात मागे असलेलं पोर गावातून गेलं म्हणून शाळा कागदावर सुधारते. हे मी डोळ्यांनी बघितलंय. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, हंगामी वसतिगृहाची योजना आहे. किती पोरं कार्ड घेऊन गेली, त्यातली किती भट्टीजवळच्या शाळेत बसली, वसतिगृह दिवाळीच्या आठवड्यात सुरू झालं की जानेवारी उजाडली, याचा एखादा रकाना त्या तक्त्यात आला तर मी म्हणेन जबाबदारीचं धोरण आहे.

जे कुटुंब गावात राहिलं त्याचंही एप्रिलात आंबा-काजूच्या बागेत काम असतं, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे.

जुना_केंद्रप्रमुख
७ जुलै, दुपारी ३.१५

मी २०१८ला निवृत्त झालो. केंद्रप्रमुख असताना असे तक्ते मीच करायचो, त्यामुळे या धाग्यावर बोलणं माझं कर्तव्य समजतो.

एक जुनी गोष्ट. इंग्लंडात १८६२ला ‘निकालानुसार अनुदान’ अशी पद्धत आली. तपासनीस शाळेत जाऊन एकेका पोराचं वाचन, लेखन, गणित तपासणार आणि जितकी पास, तितका पैसा. त्याच दशकात मुंबई इलाख्याने ती उचलली. इंग्लंडातल्या तपासनीसांचेच अहवाल सांगतात की पोरं पुस्तक पाठ म्हणायची, कारण परीक्षेला तेच पुस्तक येणार हे ठाऊक असायचं. इंग्लंडाने शतक संपायच्या आत ती सोडली. आपल्याकडच्या जुन्या गुरुजींच्या तोंडी ‘डेप्युटी येणार’ म्हटल्यावर जी धास्ती असायची, तिची मुळं त्या काळात आहेत. १८८२ला हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी जे निवेदन दिलं त्यात त्यांचं म्हणणं काय, तर सरकारचं लक्ष वरच्या वर्गांच्या शिक्षणाकडे आहे, खेड्यातल्या शूद्रातिशूद्रांच्या प्राथमिक शाळेकडे आणि तिथल्या शिक्षकाकडे द्या. शिक्षक चांगला नेमा, त्याला पगार चांगला द्या. शाळेच्या जबाबदारीची सुरुवात वरून व्हायला हवी, हे एकशे चाळीस वर्षांपूर्वी सांगून झालंय.

आता आजचं. राज्य कुठे आहे हे कळायला प्रत्येक मुलाचा पेपर लागत नाही. २०१७ आणि २०२१ची राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणं, ४ डिसेंबर २०२४चं परख सर्वेक्षण, ही नमुन्याची कामं आहेत. काही शाळा निवडायच्या, बाहेरची माणसं पाठवायची, तीही शाळेला श्रेणी न देता. ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी तर २००५पासून घरी जाऊन मुलाला दुसरीचा उतारा वाचायला देते. भात शिजला का बघायला शिताची परीक्षा पुरते. प्रत्येक मुलाची चाचणी हवी ती त्याच्या गुरुजींना आणि आईबापांना. तिच्यात क्रमांक कशाला? एकाच कागदाने दोन्ही कामं करायला गेलो आणि क्रमांकाच्या भीतीने पहिलं काम नासलं.

माझ्या काळात एका बैठकीत मी म्हटलं होतं, दहापेक्षा कमी मुलांच्या शाळांची टक्केवारी काढू नये, तीन वर्षांची मुलं एकत्र धरावीत नाहीतर केंद्राचा आकडा काढावा. वरिष्ठ म्हणाले, नमुन्यात रकाना आहे, भरा. मी भरला. तेव्हा अडून बसायला हवं होतं.

वाशिष्ठीकाठ
७ जुलै, रात्री ८.४०

गुरुजी, शिताचा मुद्दा मान्य. बाहेरून नमुना तपासणी व्हावी, शिक्षकाने स्वतःचाच निकाल लावू नये, इथपर्यंत मी आलो.

पण माझा प्रश्न उरतोच. समजा दोन शिक्षक हजर आहेत, पट तीस आहे आणि तरी मुलं वाचत नाहीत. अशीही शाळा मी बघितलीय. तिथे पालकाने काय करायचं? सभेत बोललं तर गुरुजी दुखावतात, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलं तर उत्तर येत नाही. गरीब पालकाच्या हातात आज तो टक्क्याचा कागदच एक हत्यार आहे. तो काढून घेताना त्याच्या बदल्यात काय देणार?

फळा_खडू
७ जुलै, रात्री ९.३०

दादा, रास्त प्रश्न आहे. माझं उत्तर असं. त्या सभेत टक्के नको, मुलाला वाचायला लावा. खरंच. शाळा समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांच्यासमोर दुसरीचा उतारा ठेवा आणि प्रत्येक मुलाने वाचून दाखवावा. क्रमांक नाही, बक्षीस नाही. न शिकवणारा शिक्षक त्या दिवशी उघडा पडतो आणि शिकवणाऱ्याचं कष्ट दिसतं. मी दर तीन महिन्यांनी करते. पहिल्या वेळी आया लाजत होत्या, आता गणपतीआधी तारीख कधी म्हणून विचारतात.

खाडीपलीकडची
७ जुलै, रात्री १०.२०

आमच्याकडे टक्क्यांची धास्ती वेगळ्याच कारणानेही आहे. २०२३च्या सप्टेंबरात समूह शाळांचं, म्हणजे लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करायचं पत्र निघालं, पानशेत आणि तोरणमाळच्या अशा शाळांचा दाखला देऊन. वीसच्या आत पट असलेल्या १४,७८३ शाळांचा आकडा तेव्हा सगळीकडे फिरत होता. आमची नऊ मुलांची शाळा त्यातलीच. पट कमी, वर टक्केही कमी, मग बंद करायला सोयीची. पुढची शाळा साडेतीन किलोमीटरवर, मध्ये पऱ्या. जुलैत पऱ्याला पाणी आलं की साकवावरून मोठी माणसंसुद्धा हात धरून जातात. कायदा पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा देतो, तो उगीच नव्हे. म्हणून तळाला आलेला तो क्रमांक आमच्या बायकांना नुसता आकडा वाटत नाही.

सोमवारी समितीची सभा लावलीय. रिकाम्या जागेबद्दल कलम २६चा उल्लेख करून गटशिक्षणाधिकाऱ्यांना ठराव पाठवायचा आहे. मसुदा कुणी बघून देईल का?

जुना_केंद्रप्रमुख
८ जुलै, सकाळी ७.१०

मी बघून देतो, निरोपात पाठवा. मंजूर पदं, कार्यरत पदं, जागा कोणत्या तारखेपासून रिकामी, हे संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते सांगणाऱ्या कागदावरून जसंच्या तसं उतरवा. भावनेचं वाक्य एकही नको. आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नका. एक प्रत ग्रामपंचायतीच्या ठरावासोबत जिल्हा परिषदेला.

फळा_खडू
८ जुलै, सकाळी ७.४५

आणि ताई, एक राहिलं. मुलीचे तपासलेले पेपर बघितलेत का? वर जातात ते फक्त गुण. माझ्याकडचे उत्तराचे कागद तरी शाळेतच असतात, तुमच्याकडेही असणार. कलम २४ प्रमाणे मुलाची प्रगती पालकाला सांगणं हे आम्हा शिक्षकांचं कामच आहे. मागा गुरुजींकडे. ते नाही म्हणणार नाहीत, बहुतेक त्यांनाच पुन्हा उघडून बघायला वेळ झाला नसेल.

खाडीपलीकडची
१० जुलै, रात्री ९.५०

काल शाळा सुटल्यावर गेले. कपाटात होते. गुरुजींनी लगेच काढून दिले, आणि ते, मी आणि त्या मुलाची आजी असे तिघं पडवीत बसलो. बाहेर धो धो पाऊस.

माझ्या मुलीची गणितातली चूक जवळजवळ एकच होती. ‘चारशे सात’ अंकात लिहा, तिने लिहिलंय ४००७. ‘सहाशे वीस’, ६००२०. जिथे जिथे संख्या शब्दांत होती तिथे तिथे ती अडली, मांडलेली बेरीज-वजाबाकी मात्र बरोबर. त्या मुलाचंही तेच, शिवाय त्याचं मराठी वाचन हळू, त्यामुळे शेवटची दोन पानं कोरी. सोडवलेलं बरंचसं बरोबर होतं. आजी म्हणाली, म्हणजे ह्याला येतंय, पुरं होत नाही.

गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, हे एप्रिलातच मला दिसायला हवं होतं, त्या आठवड्यात मी गुण भरत होतो.

आज संध्याकाळी दोघांना घेऊन बसले. घरात काजूच्या सुक्या बिया होत्या. दहा-दहाच्या पुरचुंड्या केल्या, दहा पुरचुंड्या एका पिशवीत, अशा शंभराच्या चार पिशव्या आणि वर सात सुट्या बिया. मुलगी म्हणाली, पुरचुंडी एकही नाही, मग मध्ये काय लिहू? तो मुलगा म्हणाला, शून्य लिही, जागा रिकामी आहे ना.

ठरावाचा मसुदा गुरुजींना दाखवून झालाय. जुना_केंद्रप्रमुख काका, तुम्हाला निरोपात पाठवते. सोमवारची सभा झाली की आवक क्रमांक इथेच लिहीन.